दोन तारांवरचे विमान

[लहान विमाने स्वतः बांधून ती पोलादी तारांच्या साहाय्याने उडविण्याचा छंद अमेरिकेत १९४० च्या सुमारास रूढ होऊ लागला व तेथून तो इतर देशांत पसरला. या छंदामागील शास्त्र, कारागिरी आणि शिस्त यांचा परिचय प्रस्तुत पाठात करून दिला आहे.]

पतंग आणि गोफण या दोन्ही वस्तू आपल्या परिचयाच्या आहेत. पतंग वाऱ्याच्या बळावर वर चढतो आणि दोरी त्याला आवरून धरते. ढील दिली की तो दूर जातो, दोरी खेचली की तो मान वळवितो. गोफणीची गोष्ट निराळी. राखणदार गोफणीत दगड ठेवून ती डोक्याभोवती गरगर फिरवितो, तेव्हा दगड सारखा बाहेर पळू पाहतो व त्यामुळे गोफणीची दोरी ताठ ताणली जाते. आता असे समजा, की पतंगाच्या दोरीला असणारी आज्ञा देण्याची शक्ती आणि गोफणीच्या दोरीला येणारा ताण, या दोहोंचा कोणी मिलाफ केला. दगडाच्या जागी पंख असलेले एक लहानसे विमान बांधले, आणि त्या विमानाला स्वतःचे इंजिन दिले. असे झाले तर काय होईल? मैदानाच्या मध्यभागी उभा असलेला मनुष्य जागच्या जागी फिरत राहील आणि विमान त्याच्याभोवती घिरट्या घालीत त्याच्या मुठीतील आज्ञेप्रमाणे वर चढेल, खाली उतरेल, कोलांट्याही घेईल. अशा विमानाला 'कंट्रोल लाइन' विमान, म्हणजेच तारनियंत्रित विमान म्हणतात.

या कल्पनेचा प्रसार करण्यात अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहराचे रहिवासी जिम वॉकर यांचा मोठा वाटा होता. १९४० च्या सुमारास त्यांनी 'फायरबॉल' नावाचे तारनियंत्रित विमान विक्रीस आणले आणि आपल्या पद्धतीला 'यू-कंट्रोल' असे नाव दिले. १९४२ साली त्यांना या पद्धतीचे एकस्व, म्हणजे पेटंट, मिळाले. वॉकर हे कुशल उड्डाणपटू होते. दोन हातांत दोन विमानांच्या मुठी धरून आणि तिसऱ्या विमानाच्या तारा डोक्यावरील टोपाला जोडून ते एकाच वेळी तीन विमाने उडवून दाखवीत. असे प्रयोग पाहून हजारो मुलांना या छंदाची गोडी लागली.

परंतु या शोधाच्या कथेला दुसरीही बाजू आहे. त्याच ऑरेगॉन राज्यात ओबा सेंट क्लेअर नावाच्या एका कल्पक गृहस्थाने १९३० नंतरच्या दशकातच दोन तारांनी विमान वळविण्याची युक्ती काढली होती आणि 'मिस शर्ली' नावाचे विमान त्या रीतीने उडविले होते. त्याने पेटंट घेतले नाही. पुढे वॉकर यांनी लिरॉय कॉक्स या विमान-उत्पादकाविरुद्ध पेटंटभंगाचा दावा लावला, तेव्हा सेंट क्लेअरचे हे जुने काम न्यायालयापुढे पुरावा म्हणून आले. जी युक्ती दुसऱ्याने आधीच वापरली आहे, तिच्यावर पुढे कोणाला एकट्याचा हक्क सांगता येत नाही, असा कायदा आहे. त्यानुसार १९५५ साली वॉकर यांचे पेटंट रद्द ठरले. यामुळे वॉकर यांच्या कर्तृत्वाला उणेपणा येत नाही, कारण ती विद्या घरोघर पोहोचविली ती त्यांनीच. मात्र एखाद्या शोधाचा इतिहास लिहिताना ज्याने तो गाजविला त्याच्याबरोबर ज्याने तो गाजावाजा न करता केला त्याचेही नाव घ्यावे, हा न्याय या प्रकरणातून ध्यानात राहतो.

आता या विमानाची रचना पाहू. उड्डाणपटूच्या हातात एक मूठ असते. तिच्या वरच्या टोकाला एक व खालच्या टोकाला एक अशा दोन बारीक पोलादी तारा बांधलेल्या असतात. कसरतीच्या विमानासाठी या तारा साधारणपणे १८ ते २० मीटर लांब असतात. विमानाच्या डाव्या पंखातून आत शिरून त्या पंखाच्या मध्यभागी बसविलेल्या एका लहान तरफेला जोडल्या जातात. ही तरफ खिळीवर फिरणारी त्रिकोणी पट्टी असते. तिला 'बेलक्रँक' म्हणतात. तिच्या तिसऱ्या कोपऱ्यापासून एक ताठ सळई शेपटीकडे जाते आणि तेथील आडव्या झडपेला मिळते. मूठ मागे कलविली की वरची तार ओढली जाते, तरफ फिरते, सळई सरकते, शेपटीची झडप वर उचलली जाते आणि विमानाचे नाक वर वळते. मूठ पुढे कलविली की याच्या उलट घडते. एवढीच काय ती यंत्रणा. विमानाला डावीकडे वा उजवीकडे वळविण्याची सोय तीत नाही, कारण तारांमुळे ते वर्तुळातच फिरते. इंजिनाचा वेग हातातून कमीअधिक करण्याची सोयही जुन्या कसरतीच्या विमानांत नसे. एकदा इंजिन सुरू झाले, की टाकीतील इंधन संपेपर्यंत ते चालूच राहावयाचे. म्हणजे उड्डाणपटूच्या हाती फक्त दोनच आज्ञा: 'वर' आणि 'खाली'. या दोन आज्ञांतूनच त्याला सर्व कसरती साधावयाच्या असतात.

परंतु या आज्ञा विमानापर्यंत पोहोचण्यास एक अट आहे. तारा ताणलेल्या असल्या पाहिजेत. सैल दोरीने जसे गाडीच्या बैलाला वळविता येत नाही, तसे सैल तारांनी विमानाला काहीच सांगता येत नाही. हा ताण येतो कोठून? त्याचे उत्तर गोफणीत आहे. आपण थोडा हिशेब करून पाहू. तारेची लांबी १८ मीटर धरली, तर वर्तुळाचा परीघ सुमारे ११३ मीटर होतो. कसरतीचे विमान एक फेरी साधारण ५ ते ५.५ सेकंदांत पुरी करते. ५.२ सेकंद धरल्यास त्याचा वेग सेकंदास सुमारे २२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७८ किलोमीटर, एवढा येतो. अशा वेगाने फिरणारे विमान स्वतःच्या वजनाच्या अडीच पटींहून अधिक जोराने तारा बाहेर ओढते. विमान १.२ किलोग्रॅमचे असेल, तर उड्डाणपटूच्या मनगटाला तीन किलोग्रॅमहून अधिक ओझ्याइतकी ओढ सतत जाणवते. विमान जेव्हा थेट डोक्यावर येते, तेव्हा त्याचे वजन त्याला खाली, म्हणजे उड्डाणपटूकडेच, खेचू लागते आणि तेवढ्या प्रमाणात तारांवरील ताण घटतो. त्यातच वाऱ्याचा झोत उलट दिशेने आला तर तारा सैल पडण्याचे भय असते. म्हणून जाणता उड्डाणपटू वारा पाठीवर घेऊन उभा राहतो आणि कसरती वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूस करितो. मग वाराच विमानाला त्याच्यापासून दूर लोटतो आणि तारा ताठ ठेवतो.

विमान बांधतानाही याच ताणाची काळजी घेतलेली असते. इंजिन किंचित बाहेरच्या बाजूस कलवून बसवितात. शेपटीवरील उभी फळीही तशीच थोडी वळवितात. बाहेरच्या पंखाच्या टोकात शिशाचे लहानसे वजन ठेवितात, कारण आतील पंखाला तारांचा भार सोसावा लागतो. अनेक आराखड्यांत आतला पंख बाहेरच्या पंखापेक्षा थोडा लांब असतो. आतला पंख वर्तुळाच्या मध्याला जवळ असल्यामुळे तो थोड्या कमी वेगाने हवा कापतो व त्याला उचलणारे बळ कमी मिळते. ती उणीव त्याच्या लांबीने भरून निघते.

१९४० नंतरच्या दशकात तरुणांना नुसत्या घिरट्या पुरेनाशा झाल्या. विमान उताणे करून उडवावे, उभी वर्तुळे काढावी, आकाशात आठाचे आकडे रेखावे, अशी चढाओढ सुरू झाली. कॅलिफोर्नियातील बॉब पामर हे या पिढीतील एक नामांकित रचनाकार होते. नंतर १९५० च्या सुमारास टेक्सस राज्यातील जॉर्ज ऑल्ड्रिच यांनी 'नोबलर' हे विमान रचिले. त्याचे पंख टोकांकडे निमुळते असून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांची लांबी सुमारे सव्वा मीटर होती. पंखांच्या मागील कडेला हलत्या झडपा होत्या आणि त्या शेपटीच्या झडपेशी जोडलेल्या होत्या. शेपटीची झडप वर गेली की पंखांच्या झडपा खाली वाकत. त्यामुळे पंखांना अधिक उचल मिळे आणि विमान वेग न गमावता झटकन वळे. पुढे या विमानाचे तयार संच पेट्यांतून विकले जाऊ लागले, आणि कित्येक देशांतील मुलांनी व प्रौढांनी आपले पहिले कसरतीचे विमान म्हणून नोबलरच बांधले.

असे विमान बांधणे हे सुताराच्या, शिंप्याच्या आणि रंगाऱ्याच्या कामाचे एकत्र शिक्षण आहे. त्याचे मुख्य साहित्य म्हणजे बालसा नावाचे लाकूड. हे झाड दक्षिण व मध्य अमेरिकेच्या उष्ण, दमट अरण्यांत वाढते. इक्वेडोर देशातून ते फार मोठ्या प्रमाणावर येते. झाड इतक्या झपाट्याने वाढते, की पाचसहा वर्षांतच ते तोडण्याजोगे होते, आणि वाळलेले लाकूड बुचाप्रमाणे हलके असते. तथापि सर्वच बालसा सारखा नसतो. कारागीर प्रत्येक पट्टी हातात तोलून पाहतो, वाकवून पाहतो, तिच्या रेषा निरखतो. ज्या भागाला ताकद हवी तेथे कठीण पट्टी, जेथे केवळ आकार हवा तेथे मऊ पट्टी, अशी तो निवड करितो.

पंखासाठी पुष्कळ फासळ्या लागतात. त्या एकसारख्या व्हाव्या म्हणून प्लायवुडचे दोन साचे करून त्यांच्यामध्ये बालसाचे तुकडे दाबून बसवितात व सर्व एकदम तासून काढितात. कसरतीच्या विमानाच्या फासळीचा आकार वर आणि खाली अगदी सारखा असतो. हे विमान जितका वेळ सुलटे तितकाच वेळ उताणे उडावयाचे असते. तेव्हा त्याला पाठ आणि पोट असा भेद परवडत नाही. फासळ्या तुळईवर ओवून, सपाट फळीवर टाचण्यांनी रोवून, सरस लावून पंख सिद्ध होतो. येथे घाई केली तर पंखाला पीळ बसतो. डोळ्यांना कदाचित तो दिसणारही नाही. पण आकाशात तो लपत नाही. पिळलेल्या पंखाचे विमान सुलटे असताना एका बाजूला कलते आणि उताणे होताच दुसऱ्या बाजूला.

सांगाडा तयार झाला की त्यावर पातळ कागद किंवा रेशमी कापड चढवितात आणि वरून 'डोप' नावाचे रोगण देतात. रोगण वाळताना आवरण आक्रसते आणि तबल्याच्या पुडीसारखे ताठ होते. मग पॉलिश कागदाने घासावे, पुन्हा रोगण द्यावे, पुन्हा घासावे. असे कितीतरी वेळा करावे लागते. रंग देताना हात आखडता घ्यावा लागतो, कारण रंगालाही वजन असते. ज्याला चकचकीत विमान हवे आणि हलकेही हवे, त्याला घासण्याचे श्रम दुप्पट करावे लागतात. अमेरिकेतील स्पर्धांत विमानाच्या सुबकपणाला वेगळे गुण देण्याची प्रथा पडली, आणि ज्याने विमान बांधले त्यानेच ते उडवावे, असा दंडकही त्यासोबत आला. विकत घेतलेल्या कौशल्याला तेथे गुण नव्हते.

इंजिनाची कथाही मनोरंजक आहे. आरंभी अशा इंजिनात ठिणगी पाडण्यासाठी विमानातच विद्युत्घट आणि तारेचे वेटोळे वाहून न्यावे लागे. त्यांच्या वजनाने लहान विमान जड होई. १९४७ साली रे आर्डेन यांनी 'ग्लो प्लग' बाजारात आणला. त्यात प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे असते. इंजिन सुरू करताना ते घटाच्या साहाय्याने तापवितात. एकदा इंजिन चालू लागले की घट काढून घेतात आणि वेटोळे आतील ज्वलनानेच लाल राहते. मेथॅनॉल आणि एरंडेल तेल हे या इंजिनाच्या इंधनाचे मुख्य घटक होत. घरोघरी औषध म्हणून ठाऊक असलेले एरंडेल येथे इंजिनाच्या भागांना वंगण पुरविते. त्या काळातील 'फॉक्स ३५' हे इंजिन कसरतीसाठी फार नावाजले गेले. सपाट उड्डाणात त्याला इंधन थोडे अधिक मिळेल अशी योजना करीत. तेव्हा ते संथ, भरड आवाजात चाले. विमानाचे नाक वर वळले की त्याचा आवाज एकदम तीव्र होई आणि बळ वाढे. विमान पुन्हा सपाट झाले की तेही शांत होई. चढावर जादा जोर लावून सपाटीवर आवरून घेणाऱ्या समजूतदार बैलाचीच जणू ही चाल!

विमान तयार झाले तरी लगेच उडविण्याचा मोह आवरावा लागतो. प्रत्येक उड्डाणदिवशी प्रथम तारांची परीक्षा करितात. विमान घट्ट धरून मूठ विमानाच्या वजनाच्या सुमारे दहापट जोराने ओढून पाहतात. कसरतीच्या विमानाच्या तारा अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतात. त्यांत एखादाही पीळ किंवा तुटका धागा आढळला, तर त्या टाकून देतात. मुठीला बांधलेला पट्टा मनगटात अडकविल्यावाचून कोणी इंजिन सुरू करीत नाही, म्हणजे मूठ निसटली तरी विमान सुटत नाही. प्रेक्षकांना वर्तुळाच्या बाहेर बरेच दूर उभे करितात. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की विजेच्या तारांजवळ हे विमान कधीही उडवावयाचे नाही. उड्डाणपटूच्या हातातील तारा पोलादाच्या असतात. त्यांचा उच्च दाबाच्या विजेच्या तारांशी स्पर्श झाला, तर त्याचा जीव जाऊ शकतो. आकाशात वीज चमकू लागली तर मूठ त्याच क्षणी खाली ठेवली पाहिजे. मेथॅनॉल हेही विषारी व ज्वालाग्राही द्रव्य असल्याने ते मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच हाताळावे लागते.

आता प्रत्यक्ष उड्डाण. साहाय्यक विमान धरून ठेवतो, उड्डाणपटू मध्यभागी जाऊन मूठ उचलतो, 'वर' आणि 'खाली' या आज्ञा बरोबर पोहोचतात की नाही हे पाहतो आणि खूण करितो. साहाय्यकाचे हात सुटतात. विमान जमिनीवरून धावते, हळूच वर उठते आणि माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर घिरट्या घालू लागते. मग एकामागून एक कसरती सुरू होतात. विमान सरळ उभे चढून डोक्यावरून पलीकडे जाते. तीन उभी वर्तुळे होतात. ते उताणे होऊन जमिनीपासून दीड मीटर उंचीवर फिरत राहते. त्यानंतर उलट दिशेची वर्तुळे, चौकोन, त्रिकोण आणि इंग्रजी आठाचे आकडे आडवे व उभे काढले जातात. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून उभे करावेत अशी एक आकृती असते; तिला तिकडे वाळूच्या घड्याळाचे नाव आहे, आपण तिला डमरू म्हणू. शेवटी चार पाकळ्यांचे फूल. प्रत्येक वर्तुळागणिक दोन्ही तारांना एकमेकींभोवती एकेक वळसा पडतो. परंतु तारा गुळगुळीत असल्यामुळे त्या एकमेकींवरून सरकत राहतात, आणि उलट दिशेची वर्तुळे घेतली की पडलेले वळसे उलगडतात. पाहणाऱ्याला जी केवळ गंमत वाटते, तिच्या क्रमातही असा हिशेब दडलेला असतो.

या साऱ्यात कठीण कसोटी असते ती उताण्या उड्डाणाची. विमान उताणे झाले, की 'वर'च्या आज्ञेने ते जमिनीकडे वळते आणि 'खाली'च्या आज्ञेने आकाशाकडे. नवशिक्याचे मन घाबरले की हात आपोआप जुनी सवय धरतो. वर घ्यावे म्हणून मूठ मागे कलते, आणि दीड मीटर उंचीवरचे विमान पापणी लवण्याच्या आत जमिनीवर आदळते. कित्येक महिन्यांचे काम एका निमिषात काटक्यांचा ढीग होते. तरीही या छंदातील अनुभवी मंडळी तो ढीग फेकून देत नाहीत. ती तुकडे गोळा करितात, कोणता जोड आधी सुटला ते पाहतात, इंजिन पुसून ठेवितात आणि नवा पंख मांडावयास घेतात. उताणे उडविण्यास शिकावयाचे तर विमान प्रथम पुष्कळ उंचावर उताणे करावे, डोळे विमानावरून हलवू नयेत, म्हणजे घेरीही येत नाही, आणि हात नवी सवय शिकेपर्यंत खाली उतरू नये. हा या विद्येचा वडीलधाऱ्यांनी घालून दिलेला धडा आहे.

पुढे काळ बदलला. बिनतारी नियंत्रणाची विमाने स्वस्त झाली आणि मोकळ्या मैदानांत तारांची विमाने विरळ दिसू लागली. तेव्हा ज्यांनी बालपणी नोबलर किंवा फायरबॉल उडविले होते, त्यांना जुने आराखडे नामशेष होतील अशी चिंता वाटू लागली. अमेरिकेत त्यांनी जुन्या विमानांसाठी वेगळे वर्ग निर्माण केले. १९५२ अखेरपर्यंतच्या आराखड्यांचा एक वर्ग व १९६९ अखेरपर्यंतच्या आराखड्यांचा दुसरा. ॲरिझोना राज्यातील टुसॉन शहरी १९८९ पासून जुन्या विमानांच्या खास स्पर्धा भरू लागल्या. तेथे पांढऱ्या केसांची माणसे पन्नास वर्षांपूर्वीच्या आराखड्यावरून, फासळीला फासळी जुळवून, तीच विमाने पुन्हा बांधून आणू लागली. जुना आराखडा कपाटात जपून ठेवला तर कागद टिकतो. पण पंख का निमुळता केला, तुळई तेथेच का ठेवली, हे ते विमान हातांनी बांधून उडविल्यावरच उमगते. आपल्याकडे वाद्यांचे, वस्त्रांचे आणि नौकांचे जुने घाट ज्या कारागिरांनी टिकविले, त्यांचीही वाट हीच आहे.

हा छंद आपल्या देशालाही अपरिचित नाही. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेतील छात्र विमानांच्या प्रतिकृती बांधतात व त्यांच्या स्पर्धांत तारनियंत्रित विमानेही उडवितात. आज पुष्कळ विमानांत इंधनाच्या इंजिनाऐवजी विजेची मोटर बसवितात. तिचा आवाज कमी आणि धूर मुळीच नाही. तथापि तारा त्याच दोन, आज्ञाही त्याच दोन.

मुलांनो, तारेने बांधलेले विमान परतंत्र आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. पण त्या तारा तुटल्या, तर ते विमान अधिक मोकळे होत नाही. त्याला वळविणारे कोणी उरत नाही आणि थोड्याच अंतरावर ते कोसळते. तारा ताणलेल्या आहेत तोवरच ते उताणे होऊ शकते, फूल रेखू शकते, डमरू काढू शकते आणि इंधन संपल्यावर अलगद जमिनीवर टेकू शकते. शिस्त आणि स्वातंत्र्य यांचा संबंध असा निकटचा आहे. तो समजून घेण्यास ग्रंथ पुरतातच असे नाही. कधी कधी हलके लाकूड, दोन तारा आणि पुष्कळसा धीरही पुरतो.

शब्दार्थ
एकस्व – शोधकाला काही काळापुरता मिळणारा कायदेशीर हक्क.
तरफ – एका ठिकाणी टेकलेली व त्याभोवती फिरणारी दांडी किंवा पट्टी.
तुळई – भार तोलून धरणारी आडवी लाकडी पट्टी.
उताणे – पाठ खाली व पोट वर असलेले.
दंडक – पाळावाच लागणारा नियम.
निमिष – पापणी लवण्यास लागणारा वेळ; क्षण.
नामशेष – केवळ नाव उरलेले, नष्ट झालेले.

स्वाध्याय
१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) तारनियंत्रित विमानाला पतंग व गोफण या दोहोंची उपमा का दिली आहे?
(आ) मूठ मागे कलविल्यापासून विमानाचे नाक वर वळेपर्यंत काय काय घडते, ते क्रमाने सांगा.
(इ) कसरतीच्या विमानाची फासळी वर आणि खाली सारखी का असते?
(ई) विमान थेट डोक्यावर आले असता तारांवरील ताण का घटतो?

२. जिम वॉकर व ओबा सेंट क्लेअर यांपैकी या शोधाचे श्रेय कोणाला द्यावे, असे तुम्हांस वाटते? आपले मत कारणांसह दहा ओळींत मांडा.

३. तारेची लांबी २० मीटर असून विमान एक फेरी ५ सेकंदांत पुरी करीत असेल, तर त्याचा वेग सेकंदास किती मीटर होईल?

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: हात आखडता घेणे, कसोटी असणे, मोह आवरणे.

५. 'पिळलेल्या पंखाचे विमान सुलटे असताना एका बाजूला कलते आणि उताणे होताच दुसऱ्या बाजूला.' या वाक्यातील विरुद्धार्थी शब्दांची जोडी ओळखा. अशाच आणखी तीन जोड्या पाठातून शोधून लिहा.

६. उपक्रम: तुमच्या गावात जुन्या पद्धतीने एखादी वस्तू घडविणारा कारागीर असल्यास त्याला भेटा. तो ती वस्तू कशी घडवितो, ते पाहून वर्गात सांगा.